नवा कॅमशाफ्ट बसवल्यावर मोटारसायकलचे इंजिन नीट चालत नसेल तर

नवा कॅमशाफ्ट, म्हणजे इंजिनचे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, बसवून झाल्यावर इंजिन सुरूच झाले नाही, सुरू होऊन मिसिंग करू लागले किंवा हेडमधून (सिलिंडरच्या वरच्या भागातून) पूर्वी नसलेला आवाज येऊ लागला, की पहिला संशय बहुधा नव्या कॅमशाफ्टवर घेतला जातो. सुटा भाग सदोष निघू शकतो हे खरे, परंतु त्याच्याही आधी तपासण्यासारख्या गोष्टी पुष्कळ असतात आणि त्या जवळजवळ सगळ्या दुरुस्तीच्या वेळी आपला हात लागलेल्या जागीच असतात. टायमिंग चेन (इंजिनच्या मुख्य दांड्यावरून, म्हणजे क्रँकवरून, कॅम फिरवणारी साखळी), टेन्शनर (ती साखळी ताणून धरणारा भाग), रॉकर (कॅमचा जोर व्हॉल्व्हवर देणारी तरफ), टॅपेट (रॉकरच्या टोकाचा, फट लावायचा स्क्रू), तेलाची वाट, हेड कव्हरचे बोल्ट आणि काढून परत जोडलेल्या तारा या त्या जागा होत. त्यामुळे जे उघडले होते तेच आधी तपासावे, आणि इंजिन हाताने फिरवून ही तपासणी पूर्ण होईपर्यंत किक मारू नये, सेल्फही दाबू नये. टायमिंग, म्हणजे पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांच्या हालचालींचा मेळ, बरेच चुकलेले असेल तर अनेक इंजिनांत वर येणारा पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो. सेल्फच्या मोटरीला ती धडक कळत नाही, ती जोर लावतच राहते आणि मूळचा अर्ध्या तासाचा दोष वाकलेल्या व्हॉल्व्हपर्यंत जातो.

पुढील विवेचन मुख्यतः १०० ते १५० सीसीच्या, एका सिलिंडरच्या, हवेने थंड होणाऱ्या आणि हेडमध्ये कॅम असलेल्या इंजिनांना धरून केले आहे. गोव्यात पायलटांच्या (मोटारसायकल टॅक्सीवाल्यांच्या) पिवळ्या मडगार्डच्या गाड्यांपासून घराघरांतल्या रोजच्या गाड्यांपर्यंत बहुसंख्य इंजिने याच जातीची आहेत. बुलेटची गोष्ट काही बाबतींत वेगळी असल्याने ती पुढे स्वतंत्रपणे दिली आहे.

सुरू करण्यापूर्वी हाताने फिरवणे

स्पार्क प्लग काढावा, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवावी, मॅग्नेटच्या (क्रँकच्या टोकावरच्या, वीज तयार करणाऱ्या चाकाच्या) कव्हरवरची दोन्ही झाकणे उघडावीत आणि क्रँकच्या नटाला बॉक्स पाना लावून इंजिन चालण्याच्याच दिशेने सावकाश फिरवावे. बहुतेक गाड्यांत मॅग्नेट डाव्या बाजूला असतो व त्या बाजूने पाहता ही दिशा घड्याळाच्या काट्यांच्या उलट येते. उलट दिशेने फिरवल्यास चेनचा ढिलेपणा टेन्शनर नसलेल्या बाजूला जातो आणि खुणा जुळल्या आहेत की नाहीत याचा अंदाज चुकतो.

फिरवताना पान्यातून हाताला काय जाणवते याकडे लक्ष द्यावे. व्हॉल्व्ह उघडताना स्प्रिंगचा जोर लागतो. तो लवचीक असतो आणि लोबचे (कॅमवरच्या उंचवट्याचे) टोक ओलांडताच पाना थोडा पुढे ओढला जातो. धातू धातूवर अडकल्याचा अनुभव निराळा असतो, कारण तेथे पाना एकदम, कठीणपणे थांबतो. असे झाल्यास जोर न लावता किंचित मागे यावे, कव्हर उघडावे आणि टायमिंग नव्याने लावावे. बोल्ट किंवा लोकेटिंग पिन चेनच्या पोकळीत पडली असली तरीही असाच कठीण अडथळा येतो. हेडवर काम करताना ती पोकळी स्वच्छ फडक्याने बंद करून ठेवण्याची शिस्त याचसाठी आहे. काही पडल्याची शंका असल्यास आणखी न फिरवता लांब दांडीच्या चुंबकाने शोध घ्यावा.

पाना कोठेही न अडकता फिरला, तर मॅग्नेटवरची टी खूण (पिस्टन सर्वांत वर असल्याची) इंजिनच्या कव्हरवरच्या खुणेसमोर आणावी. जवळच असलेली एफ खूण प्रज्वलनाची असते, तिला टी समजण्याची चूक घाईत होते. टी खूण समोर असताना कॅम स्प्रॉकेटवरची (कॅमच्या दातेरी चाकावरची) खूण हेडवरच्या तिच्या जागेशी जुळली पाहिजे. काही इंजिनांत स्प्रॉकेटवर दोन रेघा असतात व त्या हेडच्या पृष्ठभागाशी समांतर याव्या लागतात. त्या पाहताना डोळा रेघेच्या समपातळीत ठेवावा, वरून पाहिल्यास अर्ध्या दाताचा भ्रम होतो.

येथे एक बारकावा अत्यंत महत्त्वाचा आहे. टेन्शनर बसवण्यापूर्वी जुळलेल्या खुणा टेन्शनरने चेन ताणल्यावर सरकू शकतात, कारण तोवर चेनचा सगळा ढिलेपणा कोणत्या बाजूला साठला आहे हे दिसत नाही. त्यामुळे टेन्शनर बसवून मोकळा केल्यावर क्रँकचे दोन पूर्ण फेरे करून खुणा पुन्हा पाहाव्यात. कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून क्रँकच्या दोन फेऱ्यांनीच तो मूळ स्थितीत परत येतो. दोन फेऱ्यांनंतरही खुणा जुळल्या तरच टायमिंग बरोबर आहे असे मानावे.

एका दाताचा फरक किरकोळ वाटतो, पण तो तसा नसतो. समजा स्प्रॉकेटला ३४ दात आहेत, तर एक दात म्हणजे कॅमचे सुमारे साडेदहा अंश आणि क्रँकचे सुमारे २१ अंश. एवढ्या फरकाने गाडी बहुधा सुरू होते, म्हणूनच हा दोष लपून राहतो. कॅम एक दात मागे राहिला असेल तर इनटेक व्हॉल्व्ह उशिरा बंद होतो, किकला नेहमीचा दाब लागत नाही, गाडी सुरू व्हायला कुरकुरते आणि चढावर खालच्या गिअरमध्येही ओढत नाही. कॅम एक दात पुढे गेला असेल तर सुरुवातीची ओढ ठीक वाटते, पण वेग वाढवू लागताच इंजिनचा दम तुटतो. कार्बोरेटर, प्लग, पेट्रोल हे सगळे तपासूनही अशी लक्षणे जात नसतील, तर पुन्हा खुणांकडेच वळावे.

मेकॅनिकांमध्ये आणखी एका शंकेवर बराच वेळ जातो. टी खूण जुळवताना लोब वर होते की खाली, आणि वर असतील तर कॅम अर्धा फेरा चुकला का, ही ती शंका. मॅग्नेटवरून प्रज्वलन घेणाऱ्या एका सिलिंडरच्या इंजिनांत ठिणगी सहसा क्रँकच्या प्रत्येक फेऱ्यात पडते आणि कॅमचा अर्धा फेरा म्हणजे क्रँकचा एक पूर्ण फेरा होतो. त्यामुळे स्प्रॉकेटची खूण रेघेवर असेल तर दोन्ही स्थितींत टायमिंग तेच असते. लोबची दिशा खरोखर महत्त्वाची ठरते ती टॅपेट लावताना.

टॅपेट आणि रॉकर

टॅपेट लावण्यासाठी पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला असला पाहिजे, म्हणजे टी खूण समोर आणि दोन्ही लोब रॉकरपासून दूर. या स्थितीत दोन्ही रॉकर बोटाने हलवल्यास किंचित खेळ जाणवतो. टी खूण समोर असूनही खेळ जाणवत नसेल तर पिस्टन एक्झॉस्ट स्ट्रोकच्या शेवटी आहे असे समजून क्रँक एक फेरा पुढे न्यावा. चुकीच्या फेऱ्यात टॅपेट लावले गेले, तर प्रत्यक्ष कामाच्या वेळी फट भलतीच मोठी राहते आणि नवा कॅम पहिल्या मिनिटापासून टकटक करू लागतो.

फट किती ठेवावी हे त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेले असते. लहान इंजिनांत ती बहुधा ०.०५ ते ०.१० मिलिमीटरच्या आसपास असते आणि काहींत एक्झॉस्टची फट इनटेकपेक्षा जास्त असते. ती फिलर गेजनेच (ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांच्या मापाने) मोजावी. फिलरची पात किंचित घासत बाहेर आली पाहिजे. लॉकनट आवळताना स्क्रू हमखास थोडा फिरतो, म्हणून आवळल्यावर पुन्हा मोजणे अपरिहार्य आहे. इंजिन थंड असणेही तितकेच आवश्यक आहे. अनेक मॅन्युअलांत ३५ अंश सेल्सियसच्या खालचे तापमान सांगितलेले असते आणि गोव्यात एप्रिल-मे महिन्यांत उन्हात उभ्या असलेल्या गाडीचे इंजिन न चालवताही याहून अधिक तापते. अशा दिवसांत गाडी रात्रभर सावलीत ठेवून सकाळी लवकर टॅपेट लावणे हाच योग्य मार्ग आहे.

आवाज नको म्हणून टॅपेट घट्ट करण्याची पद्धत सर्रास दिसते आणि तिच्याइतकी घातक सवय या कामात दुसरी नाही. सैल टॅपेट वाजतो, त्यामुळे तो लक्षात येतो. घट्ट टॅपेट गप्प राहतो, पण इंजिन तापल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड जळत जाते. थंडपणी बरी चालणारी गाडी तापल्यावर बंद पडते, आयडलिंग धरत नाही आणि थंड झाल्यावर पुन्हा सुरू होते, असे घडत असेल तर प्रथम एक्झॉस्टची फट मोजावी.

नव्या कॅमबरोबर जुनेच रॉकर बसवले असतील तर त्यांचे तोंड उजेडात नीट पाहावे. रॉकरच्या ज्या भागावर लोब घासतो तेथे खड्डा, पापुद्रा किंवा नखाला लागणारी कड असेल, तर तो रॉकर नव्या लोबलाही थोड्याच काळात खाऊन टाकतो. शिवाय टॅपेट स्क्रूच्या टोकाला खड्डा पडला असेल तर फिलर गेज त्या खड्ड्यावर पूल बांधल्यासारखा बसतो आणि खरी फट मोजलेल्या फटीपेक्षा जास्त राहते. टॅपेट पुन्हा पुन्हा लावूनही आवाज जात नाही त्याचे कारण पुष्कळदा एवढेच असते. रॉकरची पिन आणि तिचे भोक झिजले असल्यासही तोच परिणाम होतो. पायलटांच्या गाड्या दिवसभर थांबत-निघत चालतात आणि फेरीबोटीच्या धक्क्यावर किंवा बसस्टँडवर बराच वेळ आयडलिंगवर उभ्या असतात. आयडलिंगवर हेडकडे जाणारे तेल कमी असते, त्यामुळे अशा गाडीत केवळ कॅम बदलून काम अर्धवट सोडू नये; रॉकरही बदलावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. वाचणाऱ्या पैशांपेक्षा हेड दुसऱ्यांदा उघडण्याची किंमत मोठी असते.

तेल वर पोचते आहे का

नव्या कॅमचे आयुष्य पहिल्या काही मिनिटांत ठरते. बसवताना लोब व बेअरिंगला असेंब्ली पेस्ट किंवा निदान इंजिन ऑइल भरपूर लावलेले असावे आणि हेडमधल्या खळग्यांतही तेल ओतलेले असावे. त्यानंतर प्लग काढलेल्या स्थितीत, पेट्रोल बंद ठेवून, टॅपेटच्या झाकणातून तेल दिसेपर्यंत किकने इंजिन फिरवावे. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत इंजेक्टरचा कपलर काढून ठेवावा. या वेळी प्लग कॅपमध्ये घालून त्याचे शरीर इंजिनच्या धातूला टेकवून, प्लगच्या भोकापासून दूर ठेवावे. उघड्या तारेने इग्निशन युनिटला धक्का बसतो आणि भोकाजवळची ठिणगी पेट्रोलच्या वाफेला आग लावू शकते.

तेल येत नसेल तर सर्वांत आधी पातळी पाहावी. ती बरोबर असल्यास हेडच्या तळाशी व कव्हरमध्ये असलेले तेलाचे छिद्र, तेथली ओ-रिंग आणि डॉवेल पिन आपल्या जागी आहेत का हे पाहावे. सिलिकॉन पेस्ट हे येथले मोठे दुखणे आहे. गळती नको म्हणून जाड थर लावला जातो, बोल्ट आवळताना ती पेस्ट आत दबते आणि तिचा दोरा तेलाच्या वाटेत जाऊन अडकतो. जेथे कंपनीने गॅस्केट किंवा ओ-रिंग दिली आहे तेथे पेस्ट लावूच नये. काही इंजिनांच्या हेडवर तेल तपासण्यासाठी छोटा बोल्ट असतो. आयडलिंगवर तो थोडा सैल केल्यास तेल झिरपले पाहिजे, आणि ते झिरपले नाही तर इंजिन तत्काळ बंद करावे.

पावसाळ्यात टॅपेटच्या झाकणाखाली दुधासारखा पांढरा थर दिसला की काही जण हेड गॅस्केट गेले असे सांगतात. हवेने थंड होणाऱ्या इंजिनात पाणी फिरतच नाही, त्यामुळे गॅस्केटमधून पाणी येण्याचा प्रश्न उद्भवत नाही. जून ते सप्टेंबर या काळात आपल्याकडची हवा इतकी दमट असते की थोड्याथोड्या अंतरासाठी चालणाऱ्या इंजिनात वाफ साठून तेलात मिसळते. नवे तेल घालून गाडी एकदा पूर्ण तापेपर्यंत चालवावी. थर परत आला तर पाणी आत शिरण्याची जागा शोधावी.

सुरू होत नसेल तर

टायमिंग आणि टॅपेट पडताळून झाल्यावरही इंजिन सुरू होत नसेल, तर किक मारताना पायाला लागणारा दाब लक्षात घ्यावा. दाब चांगला असेल तर दोष बहुधा कॅमच्या बाजूला नाही. कॅमशाफ्ट येण्याची वाट पाहत गाडी पावसाळ्यात काही आठवडे उभी राहिली असेल, तर पेट्रोलमधल्या इथेनॉलने ओलावा शोषलेला असतो आणि कार्बोरेटरचा स्लो जेट चिकटलेला असतो. प्लग कॅपच्या आत गंज आणि समुद्राकाठच्या गावांत कपलरच्या पिनांवर हिरवट थर हे तर नित्याचे आहे. १ एप्रिल २०२० पासून सक्तीच्या झालेल्या बीएस-६ प्रदूषण निकषांच्या गाड्यांत हेड उघडताना ऑक्सिजन सेन्सरचा किंवा अन्य सेन्सरचा कपलर काढलेला असतो. तो परत नीट बसला नसेल तर मीटरवरचा इंजिनचा दिवा ते सांगतोच, म्हणून इग्निशन चालू करताच त्या दिव्याकडे पाहावे.

दाब लागतच नसेल तर कॉम्प्रेशन गेज लावावे. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण उघडा ठेवून मोजल्यास या वर्गातल्या चांगल्या इंजिनात साधारण १० ते १३ किलोग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर दाब मिळतो, मात्र त्या मॉडेलच्या मॅन्युअलमधला आकडा अंतिम मानावा. दाब कमी आढळला तर प्रथम दोन्ही टॅपेट स्क्रू थोडे सैल करून पुन्हा मोजावे. पूर्ण सैल करू नयेत, कारण मग इनटेक व्हॉल्व्ह उघडणारच नाही आणि हवा आतच शिरणार नाही.  एवढ्याने दाब परत आला तर टॅपेटच घट्ट होता. न आल्यास प्लगच्या भोकातून चमचाभर तेल सोडून मोजावे. दाब वाढला तर रिंग झिजल्या आहेत, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह बसत नाही. कॉम्प्रेशनच्या टोकाला पिस्टन ठेवून, मागचे चाक गिअरमध्ये धरून, प्लगच्या भोकातून हवा सोडल्यास निदान आणखी नेमके होते, कारण हवा कार्बोरेटरमधून फुसफुसली तर इनटेक, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट आणि ब्रीदरच्या नळीतून (इंजिनच्या आतली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) आली तर रिंगचा दोष असतो. चुकलेल्या टायमिंगवर इंजिन आधी जोराने फिरवले गेले असेल आणि आता खुणा जुळूनही दाब येत नसेल, तर व्हॉल्व्ह वाकला आहे असे धरून हेड उतरवावे.

काही कॅमशाफ्टवर एक्झॉस्टच्या लोबजवळ वजन आणि स्प्रिंग असलेले डीकॉम्प्रेशन यंत्र असते. ते सुरू करताना एक्झॉस्ट व्हॉल्व्ह किंचित उचलून सेल्फचे काम हलके करते. ते अडकून उघडेच राहिले तर आयडलिंग बिघडते, आणि ते नसलेला बाजारी कॅम बसवला तर सेल्फ अर्ध्यात थांबतो. अशा इंजिनात गेजवर दिसणारा दाबही मुळातच कमी असतो.

आवाज वेगळे ओळखणे

लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक हेडला आणि मूठ कानाच्या मागच्या हाडाला टेकवून ऐकावे. टॅपेटची टकटक नियमित असते आणि तिची गती इंजिनच्या फेऱ्यांच्या निम्मी असते. टायमिंग चेनचा आवाज खळखळीचा असतो आणि अ‍ॅक्सिलरेटर एकदम सोडल्यावर वाढतो. असा आवाज आला तर टेन्शनर काढून पाहावा. ज्या टेन्शनरला मागून स्क्रू ड्रायव्हरने फिरवून आत ओढून ठेवावे लागते, तो बसवल्यावर मोकळा करायचे राहून गेलेले असते आणि तशीच गाडी चालवली तर चेन दात सोडते. बारीक घूं-घूं असा सलग आवाज कॅमच्या बेअरिंगचा असतो. बेअरिंग पूर्ण दाबून बसले नसेल किंवा ते धरणारी पट्टी राहून गेली असेल, तर कॅम आडवाही सरकतो.

बुलेट आणि बदललेले कॅम

जुन्या कास्ट आयर्न बुलेटमध्ये पुशरॉड असतात आणि तेथे फिलर गेज लावायचा नसतो. इंजिन थंड असताना पुशरॉड बोटांनी सहज फिरावा, पण वरखाली हलू नये, एवढीच कसोटी आहे. पॉइंटवाल्या (ठिणगीसाठी वीज तोडणारे यांत्रिक संपर्कबिंदू असलेल्या) बुलेटचे प्रज्वलनही टायमिंग गिअरांच्या रांगेतूनच चालते, त्यामुळे गिअर हलवले असतील तर पॉइंटही नव्याने लावावे लागतात. नंतरच्या, पुशरॉडच्याच युनिट कन्स्ट्रक्शन इंजिनांत (इंजिन व गिअरबॉक्स एकाच कवचात असलेल्या) हायड्रॉलिक लिफ्टर, म्हणजे तेलाच्या दाबाने फट आपोआप भरून काढणारे भाग, आहेत. त्यांत तेल भरेपर्यंत थोडा वेळ टकटक होणे स्वाभाविक आहे, मात्र इंजिन तापल्यावरही ती राहिली तर लिफ्टर काढून पाहावेत.

जास्त लिफ्टचा (व्हॉल्व्ह जास्त उचलणारा) किंवा जास्त वेळ व्हॉल्व्ह उघडे ठेवणारा कॅम मुद्दाम बसवला असेल तर अस्थिर आयडलिंग आणि गेजवरचा थोडा कमी दाब हा दोष नसून त्या कॅमचा गुणधर्म आहे. जेट बदलल्यावाचून किंवा इंजेक्शनच्या गाडीत इंधनाचे मॅपिंग बदलल्यावाचून तो नीट चालणार नाही. व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांच्यातले अंतर मात्र पिस्टनवर प्लॅस्टिसिन (मुलांच्या खेळण्यातली मऊ माती) ठेवून, इंजिन हाताने दोन फेरे फिरवून, दबलेला थर कापून मोजलेच पाहिजे. सर्वसाधारणपणे इनटेकला निदान दीड आणि एक्झॉस्टला दोन मिलिमीटर अंतर ठेवतात.

पहिली धाव

इंजिन सुरू झाल्यावर ते लगेच आयडलिंगवर सोडू नये. काही मिनिटे आयडलिंगपेक्षा थोड्या वरच्या वेगावर ठेवावे, म्हणजे तेल लोबपर्यंत भरपूर पोचेल, आणि तेवढ्या वेळात कव्हरच्या कडांवर गळती दिसते का पाहावे. गळती असल्यास बोल्ट आणखी आवळण्याआधी ओ-रिंग चेपली आहे का ते तपासावे. ६ मिलिमीटरच्या बोल्टला अ‍ॅल्युमिनियममध्ये साधारण १० न्यूटन-मीटर पुरेसे असते, आणि खाऱ्या हवेने कमजोर झालेले आटे जास्त जोराने सहज निघून येतात.

पहिली फेरी सपाट रस्त्यावर, वेग बदलत, घराजवळच घ्यावी. साखळीहून चोर्ल्याच्या किंवा मोल्याहून अनमोडच्या घाटात गाडी लगेच नेऊ नये. चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) आधी गॅरेजांत गर्दी असते आणि गाडी आजच हवी असा आग्रह होतो, तरीही ही फेरी आणि त्यानंतर पूर्ण थंड झालेल्या इंजिनावर टॅपेटची दुसरी मोजणी टाळू नये. नवे पृष्ठभाग एकमेकांत बसताना फट हमखास बदलते. तेल पहिल्या ५०० किलोमीटरच्या आत बदलावे आणि काढलेले तेल स्वच्छ पांढऱ्या भांड्यात पाहावे. ड्रेन बोल्टवर राखाडी, बारीक लगदा असेल तर काळजीचे कारण नाही. चमकणारे कण किंवा कपचे दिसले तर गाडी तेथेच थांबवून झाकण उघडावे, लोबवर बोट फिरवावे आणि रॉकरची तोंडे पुन्हा उजेडात धरून पाहावीत.